जुन्या सर्व्हरवरचे नवे विरजण

३० जून २०२४ ही तारीख फारसा गाजावाजा न होता येऊन गेली. त्या दिवशी 'सेंटओएस ७' या लिनक्स कार्यप्रणालीची मुदत संपली. जुलै २०१४ मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, संशोधन संस्थांत, लहानमोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्यांत मुकाट्याने राबली. मुदत संपली म्हणून यंत्रे बंद पडली नाहीत. १ जुलैच्या सकाळी ती नेहमीसारखीच घरघरत होती. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले, आणि नवे पॅकेज मागितले तर ज्या पत्त्यावरून ते यायचे तो पत्ताच नाहीसा झाला. सगळा जुना माल 'व्हॉल्ट' नावाच्या कोठारात गेला. ज्याला त्या कोठाराची वाट ठाऊक, त्यालाच तो मिळायचा.

अशा सर्व्हरवर काम करणाऱ्याच्या वाट्याला एक प्रसंग हमखास येतो. कोणी विद्यार्थी गणितासाठी पायथॉनचे 'नमपाय' हे साधन बसवू पाहतो. या साधनाची २०२३ मधली १.२६ ही आवृत्ती मूळ मजकुरापासून बांधायला घेतली, की ते आरंभीच अट घालते : जीसीसी हा कंपायलर ८.४ किंवा त्याहून नवा हवा. सर्व्हरवर असतो ४.८.५. काम तेथेच अडते. विद्यार्थी सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, "सर, नवा कंपायलर टाकून द्या ना, पाच मिनिटांचे तर काम आहे!"

हे काम पाच मिनिटांचे का नाही, आणि ते नीट कसे करावे, हा या लेखाचा विषय. वरवर पाहता तो तांत्रिक आहे. पण चालत्या घरात कोणाचेही बिऱ्हाड न मोडता नवी सोय कशी करावी, हा प्रश्न संगणकवाल्यांनाच पडतो असे थोडेच आहे?

दुभाषा आणि त्याचा कोश

कंपायलर म्हणजे दुभाषा. माणूस सी, सी प्लस प्लस, फोरट्रान अशा भाषांत लिहितो. प्रोसेसरला कळतात ते केवळ आकडे. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत उतरवून देणे हे कंपायलरचे काम. ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ बाईंनी १९५२ मध्ये या दिशेने पहिले पाऊल टाकले. लिनक्सवर जो दुभाषा घरोघर आहे तो जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याच्याच हातून घडत आला.

आता भाषा काही एका जागी थांबत नाही. सी प्लस प्लस या भाषेचे व्याकरण २०११, २०१४, २०१७ असे दर तीन वर्षांनी सुधारत गेले. जीसीसी ४.८ ची मालिका २०१३ ची. २०११ च्या व्याकरणात हा दुभाषा मुरलेला आहे. पण २०१७ चे व्याकरण पुढे ठेवले, की तो गोंधळतो. दुभाषा मुळीच अडाणी नाही. त्याचा कोश तेवढा जुना आहे.

मग वितरकांनी तो वेळोवेळी बदलला का नाही? कारण त्यांनी दहा वर्षांचे वचन दिले होते. ज्या 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स'वरून सेंटओएस घडवली जाई, तिचे ब्रीदच हे की आज चालणारा प्रोग्रॅम मुदतभर तसाच चालला पाहिजे. म्हणून सुरक्षेची दुरुस्ती आली तरी ती जुन्याच आवृत्तीत बेतून शिवली जाते, आणि आवृत्तीचा आकडा जागचा हलत नाही. बँकेला, रुग्णालयाला, वेधशाळेला हेच हवे असते. जुनेपणा हा येथे आळसातून आलेला नाही; तो मागून घेतलेला आहे.

दही लावायला दही लागते

नवा कंपायलर बसवायचा म्हणजे बहुतेक वेळा तो मूळ मजकुरापासून बांधायचा. येथे गंमत सुरू होते. जीसीसी स्वतःच एक प्रोग्रॅम आहे, आणि आज तो बव्हंशी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. त्याचे आकड्यांत रूपांतर कोण करणार? अर्थात कंपायलर! म्हणजे कंपायलर बांधायला कंपायलर हवा. आपल्या घरांत ही अडचण रोजचीच आहे : दही लावायला आधी चमचाभर दही लागते.

जुन्या सर्व्हरवरचा ४.८.५ हे ते विरजण. पण विरजण जुने असले तर पहिल्या दह्यात त्याची चव उतरणारच. म्हणून जीसीसी तीन वेळा लावला जातो. पहिल्या फेरीत जुना कंपायलर नव्याला घडवतो. या नव्याची बुद्धी नवी असते, पण देह जुन्याच्या हातचा. दुसऱ्या फेरीत हा पहिला नवा कंपायलर पुन्हा त्याच मजकुरापासून आणखी एक नवा घडवतो. आता देहही नव्याच्या हातचा झाला. तिसऱ्या फेरीत दुसऱ्याकडून तिसरा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या फायली एकमेकींशी ताडून पाहतात. दोन्ही एकाच मजकुरापासून, एकाच बुद्धीच्या दुभाष्याने घडवलेल्या; तेव्हा त्या तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कोठेतरी पाणी मुरते आहे असे समजून बांधणी थांबते. साहजिकच या सगळ्याला वेळ लागतो. यंत्र दमदार असेल तर तासाभरात आटोपते, थकलेले असेल तर रात्र जाते.

शिवाय कोणतेही विरजण कोणत्याही दुधाला चालत नाही. जीसीसी ११ पासून पुढच्या आवृत्त्या बांधायला २०११ चे सी प्लस प्लस जाणणारा कंपायलर लागतो. सेंटओएस ७ वरचा ४.८.५ या परीक्षेत जेमतेम पास होतो, आणि त्याच्याकरवी थेट १४ पर्यंत मजल मारता येते. पण २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ला २०१४ चे व्याकरण जाणणारा, म्हणजे किमान ५.४ हा कंपायलर हवा. तेथे ४.८.५ ची धाव संपते. मधली एखादी आवृत्ती आधी बांधून घ्यावी लागते. सेंटओएस ६ ची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली. तिच्यावरचा जीसीसी ४.४.७ तर अकराव्यालाही हात लावू शकत नाही. त्याच्याकडून आधी ४.८ ते १० मधला कोणता तरी बांधायचा, आणि मग त्याच्याकडून पुढचा. नदी ओलांडताना एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकत जावे, तसे हे आहे.

विरजणाची ही साखळी विश्वासाचीही आहे. युनिक्सच्या दोन मुख्य जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन, यांना १९८३ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने केलेल्या आणि १९८४ मध्ये छापून आलेल्या भाषणात त्यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली. कंपायलरमध्येच अशी खोडी करून ठेवता येते की तो लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये गुपचूप चोरदरवाजा बसवील, आणि पुढचा कंपायलर घडवताना ती खोडी त्यातही उतरवील. मूळ मजकूर कितीही वाचला तरी सापडणार नाही. एकदा नासके विरजण लागले की पुढची सगळी दही तशीच. म्हणून जीसीसीचा मजकूर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा आणि त्यावरची डिजिटल स्वाक्षरी तपासावी. कोणीतरी ओळखीने दिलेली तयार बांधणी घाईत उतरवून घेणे म्हणजे बेवारस भांड्यातले विरजण घरात आणणे होय.

पायाला हात लावू नये

आता मुख्य मुद्दा. नवा कंपायलर बांधून झाला. तो ठेवायचा कोठे? नवशिक्याला वाटते, जुना काढून त्याच जागी नवा ठेवावा. सर्व्हरचे वाटोळे करण्याचा हा हुकमी मार्ग आहे. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हरसारखे काही भाग कर्नलला जोडून बांधले जातात. कर्नल एका कंपायलरने घडलेला आणि ड्रायव्हर दुसऱ्याने, असे झाले की तक्रारी सुरू होतात. पॅकेज सांभाळणाऱ्या यंत्रणेची समजूत असते की तिने ठेवलेली वस्तू जागेवर आहे. पुढची दुरुस्ती करताना ती आपली जुनी वस्तू नव्याच्या डोक्यावर आणून ठेवते.

याचा मोठा धडा लिनक्सच्या इतिहासातच आहे. सन २००० मध्ये आलेल्या 'रेड हॅट लिनक्स ७' मध्ये जीसीसीची घडत असलेली, अधिकृतपणे न निघालेली अवस्था '२.९६' असा क्रमांक लावून दिली गेली. तिच्या हातचे सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम आधीच्या २.९५ शी जुळत नव्हते, आणि पुढे येणाऱ्या ३.० शीही जुळणार नव्हते. ६ ऑक्टोबर २००० रोजी जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावे लागले की २.९६ नावाची आमची कोणतीही आवृत्ती नाही. खुद्द कर्नल बांधण्यासाठी रेड हॅटने 'केजीसीसी' या नावाने जुना कंपायलर सोबत दिलाच होता. नवा कितीही हुशार असला, तरी जुन्याला एका खोलीत जागा ठेवावी लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कंपायलरहूनही नाजूक वस्तू म्हणजे 'ग्लिबसी'. सर्व्हरवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम या ग्रंथालयाच्या आधाराने चालतो : फायलींची यादी दाखवणारा, नक्कल करणारा, दुरून लॉगिन करू देणारा, झाडून सगळे. सेंटओएस ७ वर त्याची आवृत्ती २.१७ आहे. एखादा नवा प्रोग्रॅम २.२८ मागतो, म्हणून कोणी उत्साहाने ग्लिबसीच बदलायला गेला आणि पाऊल चुकले, तर झालेली चूक निस्तरण्यासाठी लागणाऱ्या साध्या आज्ञाही चालत नाहीत. घरात राहून पाया उपटण्यासारखेच ते. २०२४ च्या आरंभी 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' या लोकप्रिय संपादकाने २.२८ हून जुन्या ग्लिबसीच्या सर्व्हरशी जोडणी बंद केली. तेव्हा इतका गलका झाला की मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच मागे येऊन तात्पुरती सवलत द्यावी लागली. जुन्या यंत्रांवर किती जणांची कामे अवलंबून आहेत, याचा अंदाज त्यावरून येतो.

वेगळी चूल

मग रीत कोणती? एकत्र कुटुंबात सुनेने वेगळी चूल मांडावी तशी, पण भांडण न करता. नव्या कंपायलरला वेगळी खोली द्यायची. लिनक्समध्ये 'ऑप्ट' नावाचा कप्पा याच कामाचा आहे. बांधणीच्या आरंभीच 'प्रीफिक्स' म्हणून त्या कप्प्यातला स्वतंत्र पत्ता द्यावा, आणि त्यात आवृत्तीचा आकडाही घालावा. उद्या आणखी एखादी आवृत्ती आली तर शेजारी नांदेल. मूळ मजकुराच्या फोल्डरमध्ये बांधकाम न करता शेजारी वेगळे फोल्डर करावे, असे जीसीसीचे जाणते आग्रहाने सांगतात. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही तीन गणिती ग्रंथालये लागतात. ती आणण्यासाठी जीसीसीच्या मजकुरातच एक छोटी स्क्रिप्ट दिलेली असते. तिचा उपयोग केला तर दारोदार हिंडावे लागत नाही. बत्तीस बिटांच्या जुन्या प्रोग्रॅमांची गरज नसेल तर 'मल्टिलिब' बंद ठेवावे. पुष्कळांची बांधणी नेमकी येथेच अडखळते.

मूळ मजकुरापासून बांधण्याची हौस किंवा सवड नसेल, तर रेड हॅटने याच अडचणीसाठी तयार केलेले 'डेव्हटूलसेट' हे संच आहेत. अकरा क्रमांकाच्या संचात जीसीसी ११ मिळतो, आणि सोबत नवा असेम्ब्लर व लिंकरही येतो. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. नवा कंपायलर नव्या प्रोसेसरच्या खास आज्ञा लिहू लागतो, पण जुन्या असेम्ब्लरने त्या ऐकलेल्याच नसतात. मग 'अशी आज्ञा नाही' म्हणून तो हात वर करतो. संच घेतला की ही फारकत होत नाही. मुदत संपल्यामुळे सेंटओएस ७ साठीचे हे संचही आता कोठारातूनच, पत्ता हाताने बदलून आणावे लागतात.

खोली वेगळी झाली तरी एक जिना जोडायचा राहतो. पुष्कळदा असे होते की नव्या कंपायलरने प्रोग्रॅम विनातक्रार बांधला जातो, आणि चालवायला गेले की संदेश येतो : 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२१ सापडले नाही'. नवखा माणूस येथे चक्रावतो. कारण सोपे आहे. सी प्लस प्लसच्या प्रोग्रॅमला चालताना जे ग्रंथालय लागते, त्याचीही नवी प्रत नव्या खोलीत आहे. प्रोग्रॅम मात्र सवयीने जुन्या खोलीत शोधतो. उपाय तीन. चालवण्यापूर्वी नव्या खोलीचा पत्ता पर्यावरणात सांगावा. किंवा बांधतानाच तो प्रोग्रॅमच्या अंगावर गोंदवून ठेवावा. किंवा ते ग्रंथालय प्रोग्रॅमच्या पोटातच घालून द्यावे. नवी प्रत उचलून जुनीच्या जागी दडपणे हा चौथा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तो करू नये.

जगातल्या मोठमोठ्या संस्था हेच करत आल्या आहेत. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेतील सीएमएस या प्रयोगाच्या सॉफ्टवेअरला जी लांबलचक नावे असतात, त्यांत कार्यप्रणाली आणि कंपायलर या दोघांचेही क्रमांक असतात. 'एसएलसी ६' या प्रणालीचा घरचा कंपायलर ४.४ चा, पण तिच्याच नावाशेजारी जीसीसी ७ चा आकडा लागलेला दिसे. कंपायलर सॉफ्टवेअरसोबतच शिदोरीसारखा प्रवास करी, आणि जेथे जाई तेथे यजमानाच्या स्वयंपाकघराला हात न लावता आपली चूल पेटवी. या प्रयोगाच्या गणनजाळ्यातले एक केंद्र आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. अनेकांच्या सामाईक महासंगणकांवर तर 'मॉड्यूल' ही पद्धत रुळलेली आहे : ज्याला जो कंपायलर हवा तो त्याने आपल्यापुरता मागून घ्यावा, शेजाऱ्याला पत्ताही लागू नये.

जुने का जपायचे?

कोणी विचारील, नवा नीट चालू लागल्यावर जुना ठेवायचा कशाला? उत्तर संशोधकांना चांगले ठाऊक आहे. दशांश अपूर्णांकांच्या लांबलचक गणितांत कंपायलर बदलला, की उत्तराचे शेवटचे आकडे बदलू शकतात. नवा कंपायलर बेरीज-गुणाकारांची मांडणी वेगळी करतो. नव्या प्रोसेसरसाठी बांधताना गुणाकार आणि बेरीज एकाच दमात उरकतो. त्यात चूक काही नसते. पूर्णांकन तेवढे वेगळ्या जागी होते. पण हवामानाच्या प्रतिमानात किंवा रेणूंच्या हालचालींच्या गणितात तेवढा फरक पुढे वाढत जातो. चार वर्षांपूर्वीच्या प्रबंधातला आलेख पुन्हा तसाच काढून दाखवा, असे परीक्षकाने म्हटले, तर ज्या कंपायलरने तो काढला होता तोच हाताशी हवा. नव्याच्या हौसेपायी जुना पुसला गेला असेल, तर तो विद्यार्थी काय करणार?

या सगळ्यात एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. नवा कंपायलर बसवल्याने जुना सर्व्हर नवा होत नाही. ग्लिबसी तीच, कर्नल तोच, आणि मुदत संपल्यावर उघडकीला आलेली सुरक्षेची भगदाडेही तशीच. वरच्या मजल्याला रंग दिला म्हणून खालची भिंत भक्कम होत नसते. असा सर्व्हर बाहेरच्या जगासाठी उघडा असेल, तर आधी त्याला अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स यांसारख्या चालू प्रणालीवर हलवण्याचा विचार करावा. बाहेरची वाट बंद करून आतल्या कामापुरता तो ठेवायचा असेल, तर वेगळ्या चुलीचा उपाय आणखी काही वर्षे काढून देईल. ती उसनी वर्षे आहेत, एवढे भान मात्र ठेवावे.

आणि शेवटची, अगदी साधी गोष्ट. आपल्याकडच्या कितीतरी विभागांत सर्व्हर सांभाळणारा माणूस एकटाच असतो, पुष्कळदा कंत्राटावर. तो नोकरी बदलून गेला की त्याने कोणत्या कप्प्यात काय ठेवले, कोणता कंपायलर कोणत्या विरजणाने लावला, पत्ता कोठे गोंदवला, हे सगळे त्याच्याबरोबर जाते. मागे राहणाऱ्याला दिसतात ती फक्त दोन-तीन अनोळखी फोल्डरे, आणि ती पुसावीत की ठेवावीत हा पेच. म्हणून नवा कंपायलर बसवून झाला, छोटा प्रोग्रॅम बांधून आणि चालवून पाहिला, की उठण्यापूर्वी एक पानभर टिपण लिहावे : तारीख, आवृत्ती, दिलेल्या आज्ञा, आणि हे कोणासाठी केले ते. ते टिपण सर्व्हरवरही ठेवावे आणि विभागाच्या कपाटातल्या फायलीतही लावावे. दहा मिनिटांच्या त्या कामाने पुढच्या माणसाचा एक आठवडा वाचतो, आणि ज्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्या यंत्रावर अडकलेला असतो, त्याचे कदाचित एक सत्रही.